खिडकी कोणी लावायची?

रेल्वे कायदा, १९८९, कलम १६७. डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशानं हरकत घेतली तर त्या डब्यात धूम्रपान करता येणार नाही. केलं तर शंभर रुपयांपर्यंत दंड. गाडीत सरसकट बंदी घालायचा अधिकार रेल्वेला त्याच कलमात दिलेला आहे, पण मूळ रचना अशी, की एकानं शिलगवायची आणि दुसऱ्यानं नको म्हणायचं.

आता रात्रीचा डबा डोळ्यांसमोर आणा. समोरच्या बाकावर तिघे-चौघे आडदांड, कडेला मांडीवर पोर घेऊन एकटी बाई. ती हरकत घेईल? ती पदर पोराच्या नाकाशी धरेल, खिडकीकडे तोंड करून बसेल आणि आपलं स्टेशन यायची वाट पाहील. कायद्यानं तिला हक्क दिला आणि तो बजावायची सगळी जोखीमही तिच्याच पदरात टाकली.

दुसऱ्याचा विचार करावा, हे आपल्याकडे कोणालाच अमान्य नाही. पण विचार कोणी करायचा आणि कोणी फक्त करून घ्यायचा, हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो. धुराच्या बाबतीत आपण हे बरंचसं दुरुस्त केलं. ताटाच्या बाबतीत उलटे चाललो आहोत, आणि तेही धुराचाच दाखला देऊन. मला राग आहे तो याचा.

आधी धुराचं बघू. १९८१ साली ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. चाळिशी गाठलेल्या, स्वतः कधीही सिगारेट न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रिया. १४ वर्षं त्यांची नोंद ठेवली होती. ज्यांचे नवरे ओढणारे, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगानं मरण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि नवऱ्याच्या सिगारेटी जितक्या अधिक तितका बायकोचा धोका अधिक. तंबाखू कंपन्यांनी या निबंधावर जोरदार हल्ला चढवला. निष्कर्ष मात्र टिकला, पुढच्या अभ्यासांनी पक्का होत गेला. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दुसऱ्याच्या धुरानं दरवर्षी दहा लाखांहून अधिक न ओढणारी माणसं मरतात. त्या जपानी बायकांना कोणी विचारलं नव्हतं, की ‘ओढू का?’ विचारलं असतं तरी किती जणींनी नाही म्हटलं असतं?

आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयात नेला तो मुंबईच्या मुरली देवरांनी. त्यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, बस आणि रेल्वे इथं धूम्रपानाला बंदी घातली. गोव्यानं तर १९९७ सालीच धूम्रपान आणि थुंकणं या दोहोंविरुद्ध स्वतंत्र कायदा केला होता. मग २००३ चा केंद्राचा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. कामाची ठिकाणं, उपाहारगृहं, सिनेमागृहं, मॉल सगळं त्यात आलं. दंड दोनशे रुपयांपर्यंत. रक्कम किरकोळच आहे आणि ती वसूल होताना क्वचितच दिसते. तरीही या नियमांनी एक मोठी गोष्ट केली. हरकत घ्यायची गरज संपवली. कारकुनाला साहेबापुढे खोकून दाखवावं लागत नाही, नर्सला नातेवाइकांशी हुज्जत घालावी लागत नाही. ओढायची असेल त्यानं उठून बाहेर जायचं. आयर्लंडनं २००४ साली पबमध्येसुद्धा बंदी आणली तेव्हा मुख्य युक्तिवाद हाच होता, की गिऱ्हाईक पबमध्ये हौसेनं येतं, ग्लास धुणारा पोटासाठी येतो.

ज्यांना अजूनही वाटतं की वेगळी खोली केली, पंखा लावला, काच बसवली की भागतं, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या सर्जन जनरलचा २००६ चा अहवाल आहे. दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी पातळीच नाही आणि एकाच इमारतीत हवा खेळती ठेवून तो धोका पुरता घालवता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आपला कायदा मात्र तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला धूम्रपानाची वेगळी जागा ठेवायची मुभा देतो. ती मुभा काढून टाकायला हवी.

हे झालं उंबऱ्याबाहेरचं. घरात कायदा येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांनी सांगितलं, की घरात आपल्याला दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो. त्यात मुलं मोजलेली नाहीत. ‘माझ्या घरात मी काय वाटेल ते करीन’ म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारते, की त्या घरात आणखी कोण कोण राहतं? दम्याची आई, दहावीतला मुलगा, दिवस गेलेली सून, ही सगळी त्याच घराची माणसं आहेत ना? घर कोणाच्या नावावर आहे यावरून फुप्फुसं कोणाच्या मालकीची हे ठरत नाही. सज्जात जाऊन ओढणाऱ्यांनी वर एकदा मान करून पाहावं. वरच्या मजल्यावरच्या बाळाचे कपडे तिथंच वाळत असतात.

महाराष्ट्रातलं चित्र मात्र जरा वेगळं आहे. त्याच पाहणीत इथं ओढणारे प्रौढ जेमतेम ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला खरा शेजारधर्माचा प्रश्न धूर नसून थुंकी आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि सरकारी कचेरीच्या जिन्याचा कोपरा पाहिला तर ती कुठं गेली ते कळतं. त्या कोपऱ्यात देवादिकांच्या चित्रांच्या फरश्या बसवाव्या लागतात. गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का-मदिना सगळे एका ओळीत, जमिनीपासून फूटभर उंचीवर. माणसाची लाज वाटत नाही म्हणून देवांना पहाऱ्याला उभं केलं. पण जिथं फरशी संपते तिथून पुढे पुन्हा लाल डाग सुरू होतो, आणि तो खरवडायला सकाळी जी बाई येते तिला या महिन्याचा पगार वेळेवर मिळाला का, हेही जिन्यावरून चढणाऱ्या-उतरणाऱ्या कोणाला ठाऊक नसतं. तंबाखू खाणं हा कोणाचा वैयक्तिक निर्णय असेलही. पिचकारी मारणारा आणि ती पुसणारी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत तोवर ती पिचकारी वैयक्तिक नाही.

आता ताटाकडे येऊ.

मुंबईत, ठाण्यात, पुण्याच्या काही भागांत भाड्यानं घर शोधणाऱ्याला एजंट तिसऱ्या-चौथ्या वाक्यालाच विचारतो, ‘नॉनव्हेज चालतं का?’ हो म्हटलं की घर ‘आत्ताच गेलं’. हा प्रश्न कुठल्या नियमात नाही. सहकारी संस्थांच्या कायद्याचं कलम २३ तर म्हणतं, की पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. म्हणून नकार कागदावर येतच नाही. तो जिन्यात, फोनवर, एजंटच्या तोंडून दिला जातो. जोडीला एक युक्तिवाद हमखास येतो: ‘सिगारेटचा धूर आम्हाला नको म्हणता येतो, मग मासळीचा वास का नाही?’

सरळ उत्तर देते. शेजारच्या घरी तळलेल्या बोंबलानं आजवर कोणाला कर्करोग झालेला नाही. धूर दुसऱ्याच्या शरीरात शिरून तिथं इजा करतो. वास नाकापर्यंत येतो, नकोसा वाटतो, आणि फोडणीबरोबर विरतो. नकोसा वाटतो हे मी खोटं मानत नाही. जन्मभर शाकाहारी राहिलेल्या माणसाला त्या वासानं मळमळतं, हे मी जवळून पाहिलंय. त्याच्या मळमळीची टिंगल करणाऱ्यांची मला चीड येते. पण मळमळ होते म्हणून खिडकी लावून घेता येते, दार ओढून घेता येतं, शेजाऱ्याला ‘जरा एक्झॉस्ट लावाल का?’ असं विचारता येतं. त्याला घरच न देणं हे या यादीत बसत नाही. आणि गंमत अशी मुळीच नाही, तर ही दुःखाची गोष्ट आहे, की ज्या शहराचे मूळ रहिवासी कोळी, त्या शहरात सुकटीचा वास हा गुन्हा ठरावा.

संख्येचं म्हणाल तर नमुना नोंदणी यंत्रणेच्या २०१४ च्या पाहणीत महाराष्ट्रात शाकाहारी सुमारे ४० टक्के भरले. म्हणजे दहातले सहा जण मांस-मासळी किंवा अंडी खाणारे. प्रश्न बहुमताचा नाहीच. शाकाहारी दहातला एक असता तरी त्याच्या ताटाचा मान राखायला हवा होता. मला दाखवायचंय ते एवढंच, की इथं अल्पसंख्येच्या रक्षणाचा मामला नाही. ज्याच्याकडे जागा, पैसा आणि सोसायटीच्या कमिटीतल्या खुर्च्या, त्याच्या आवडीचा नियम झाला.

न्यायालयांनी या वाटेवर दोन्ही पावलं टाकली. अहमदाबादमध्ये जैनांच्या पर्युषण काळात नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली मान्यता दिली. त्याच निकालात माणूस काय खातो ही त्याची खासगी बाब आहे, असंही म्हटलं. २०१५ साली मीरा-भाईंदरमध्ये आठ दिवसांच्या मांसविक्री बंदीची घोषणा झाली, मुंबईत चार दिवसांची. मुंबईतल्या विक्रीबंदीला उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. २०१६ साली गोवंशहत्याबंदी कायम ठेवताना त्याच न्यायालयानं परराज्यातून आणलेलं मांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, तेही खासगीपणाच्या हक्कावर बोट ठेवून. आणि २०२५ च्या १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवली महापालिकेनं मांसविक्रीची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढलाच. स्वातंत्र्यदिनी! त्या दिवशी कोणाच्या फुप्फुसाला धोका होता? ज्याचं पोट रोजच्या विक्रीवर आहे त्या खाटकाचा आणि कोंबड्या सोलणाऱ्या पोराचा त्या दिवसाचा धंदा मात्र नक्की बुडाला. एखाद्या संघटनेनं, एखाद्या मंदिरानं, शेजाऱ्यानं ‘आमचा सण आहे, एवढा दिवस सांभाळाल का?’ असं विचारावं. बरेच जण हो म्हणतील. श्रावण पाळणारी घरं काही आदेशानं श्रावण पाळत नाहीत. विनंतीनं जे सहज मिळतं ते पालिकेच्या शिक्क्यानं मागितलं, की त्यातला विचार संपतो आणि हुकूम उरतो.

मुंबईच्या आयआयटीत २०२३ साली खानावळीतली सहा टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली, आणि तिथं मांसाहार करून निषेध नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड लावला. आमटीचा डाव मटणाच्या पातेल्यात जाऊ नये, तवा वेगळा असावा, ताटं वेगळी हवी असतील तर तीही असावीत. हे रास्त मागणं आहे आणि खानावळीनं ते मुकाट्यानं पाळावं. पण भांडी वेगळी करणं आणि माणसं वेगळी बसवणं यात फार मोठं अंतर आहे. पंक्तिभेदाचा इतिहास ज्या मुलखात झाला तिथं तरी हे सांगावं लागू नये. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेण्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासकट कितीजणांवर ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. कोण कोणाबरोबर काय खातो-पितो यावर बहिष्कार कसा उभा राहतो, हे आपण अनुभवून बसलो आहोत. २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटोनं शाकाहारी जेवणासाठी हिरव्या वेशातली पोरं नेमायची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी तो हिरवा रंग मागे घेतला. त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे एक कारण असं, की नेहमीचा लाल सदरा दारात दिसला तर काही ग्राहकांची घरमालकाशी कटकट होईल. आपल्या शहरांत कोण काय जेवतो हे दारात आलेल्या पोराच्या कपड्यांवरून कळू नये, ही काळजी एका कंपनीला घ्यावी लागली.

एवढं बोलून खाणाऱ्यांना मी मोकळं सोडणार नाही. खायचा हक्क आहे म्हणून सामायिक गच्चीवर बोंबील वाळत घालायचे नाहीत. कोलंबीची सालं आणि मासळीची खवलं रात्रभर पॅसेजमध्ये ठेवायची नाहीत. ओला कचरा बांधून, झाकून, वेळेवर. एसी डब्यात काचा बंद असताना सुक्या जवळ्याचा डबा उघडायचा नाही, दोन तास थांबता येतं. पाहुणा शाकाहारी असेल तर त्याची भाजी आधी करायची, तळणाचं तेल वेगळं, आणि सूपात काय घातलंय हे न विचारता सांगायचं. सगळ्यात वाईट म्हणजे गमतीगमतीत खाऊ घालणारे. ‘कळलंसुद्धा नाही बघ तुला!’ असं म्हणून हसणारे मी पाहिलेत. हा विनोद नाही. कोणाच्या शरीरात त्याच्या नकळत काही घालणं हे त्याच्या तोंडावर धूर सोडण्याच्याच जातीचं आहे.

कोकणातल्या कितीतरी घरांत हे सगळं कोणी न शिकवता चालत आलंय. मासळीची चूल मागच्या पडवीत, तिची भांडी वेगळ्या फळीवर, सोमवारी-गुरुवारी ती चूल थंड. घरात एखादी विधवा आत्या, एखादे माळकरी आजोबा असायचे; त्यांचं वरण-भात-भाजी आधी वाढून व्हायचं, मग बाकीच्यांचं कालवण. आजोबा कोणाला खाऊ नको म्हणत नसत, नातवंडं त्यांच्यासमोर काटे चोखत बसत नसत. मला ही व्यवस्था फार आवडते, पण तिच्याकडे डोळे झाकून पाहायचीही माझी तयारी नाही. दोन चुली पेटवायची कोण? दोन वेळा भांडी घासायची कोण? आणि विधवा आत्यानं मासळी सोडली होती की तिला सोडायला लावली होती? मालवणातली मुलगी देशावरच्या शाकाहारी घरात पडली की मासे तिनं सोडायचे, हे लग्नाच्या बैठकीत बोललंसुद्धा जात नाही. उलट बाजूला, शाकाहारी मुलगी खाणाऱ्या घरात आली की महिन्याभरात ती सुरमई साफ करायला शिकते, खात नसली तरी. दोन्हीकडे जुळवून घेणारी तीच. पस्तीस वर्षं ती आवडीचं न खाता राहते आणि घरातले म्हणतात, ‘तिला आता सवय झाली.’

आणखी एक अत्याचार आपण प्रेमाच्या नावानं करतो: आग्रह. भारतात दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानं झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनं दाखवलं. तरी पंगतीत ‘एका जिलेबीनं काय होतंय, माझी शपथ’ चालूच. हात आडवा धरलेल्या माणसाच्या पानात वरून जिलेबी सोडायची आणि त्यानं ती ठेवली तर ‘अन्नाचा अपमान’ म्हणून तोंड वाकडं करायचं. उपास आहे म्हणणाऱ्याला, दारू नको म्हणणाऱ्याला, दूध-तूप सोडलेल्या तरुण मुलीला कारण सांगायला भाग पाडायचं, मग ते कारण सगळ्यांनी मिळून तपासायचं. ‘नको’ म्हटल्यावर थांबावं. कारण विचारू नये. विहीणबाई असोत की नवा जावई, एकदा विचारणं हा पाहुणचार, तिसऱ्यांदा वाढणं ही दांडगाई.

ओढणाऱ्यांबद्दलही एक सांगायला हवं. त्यांना आवार सोडून बाहेर काढणं योग्य. त्यांना माणसांतून काढणं अयोग्य. पंचविशीत लागलेलं व्यसन पन्नाशीत ‘निवड’ उरत नाही, हे तंबाखू सोडायला धडपडणाऱ्या कोणालाही विचारा. केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६, आणि २०१८ पासून तो क्रमांक पाकिटावरही छापतात. घरच्यांनी रोज टोमणे मारण्यापेक्षा एकदा शेजारी बसून तो फोन लावून द्यावा.

गृहनिर्माण संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. यंदाच्या सभेत दोन ठराव मांडा. जिना, लिफ्ट आणि आवारात ओढणं-थुंकणं बंद, आणि कोणाचंही तोंड न बघता दंड, हा पहिला. दुसरा असा, की घर विकताना वा भाड्यानं देताना कोण काय खातो हे संस्था विचारणार नाही आणि सभासदांनाही विचारू देणार नाही. हे ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीत ढकलू नका, तिथवर पोचेपर्यंत निम्मे लोक चहाकडे वळलेले असतात. सेक्रेटरींना आधी लेखी द्या, पोच घ्या, आणि विषयपत्रिकेवर क्रमांक घालून छापायला लावा.